तिकिटं छापून टपाल खात्याची तूट का भरून निघत नाही?

प्रश्न असा आहे: भारतीय टपाल खातं दरवर्षी हजारो कोटींच्या तुटीत असतं. तिकिटं छापणारा कारखाना सरकारी आणि संग्राहक हौशी, तर मग आणखी शेकडो नवी तिकिटं काढून खातं ही तूट का भरत नाही? त्यालाच जोडून दुसरा प्रश्न: घरातल्या जुन्या अल्बमला किती किंमत येईल, आणि नवी तिकिटं घेऊन ठेवणं ही गुंतवणूक आहे का?

दोन्ही प्रश्नांत घोटाळा एकाच जागी होतो. तिकिटावर छापलेली किंमत म्हणजेच त्याची मिळकत, असं धरलं जातं.

आधी साधा गुणाकार करू. पाच रुपयांचं एक स्मारक तिकीट, म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या किंवा प्रसंगाच्या आठवणीत एकदाच छापलेलं तिकीट घ्या. 2000 नंतरच्या काळात अशा तिकिटाच्या 4 लाख प्रती हा नेहमीचा आकडा. सगळ्या खपल्या तर गल्ल्यात 20 लाख रुपये येतात. समजा, त्यातली एकही प्रत कुणी पत्राला लावली नाही, सगळ्या अल्बममध्ये गेल्या आणि छपाईही फुकटात झाली. तरी 10,000 कोटींची तूट भरायला अशी 50,000 वेगवेगळी तिकिटं एका वर्षात काढावी लागतील. म्हणजे दिवसाला 137. प्रत्येकाची एकच प्रत घ्यायची म्हटली तरी संग्राहकाला वर्षाला अडीच लाख रुपये मोजावे लागतील. आणि तूट 10,000 कोटींवर थांबलेली नाही. 2015-16 मध्ये ती 6,000 कोटींच्या घरात होती, सातव्या वेतन आयोगानंतर 2016-17 मध्ये जवळपास 12,000 कोटींवर गेली.

आता तिकीट हिशेबात कसं बसतं ते पाहू. तिकीट म्हणजे सेवेचे आगाऊ घेतलेले पैसे. सरकारी हिशेब रोखीच्या पद्धतीने चालतो, त्यामुळे तिकीट विकलं त्या दिवशीच रक्कम टपालाच्या जमेत, म्हणजे सरकारी हिशेबातल्या 1201 या मुख्य शीर्षाखाली (कप्प्यात) येते. खर्च 3201 खाली आणि भांडवली खर्च 5201 खाली. तुम्ही आज घेतलेलं तिकीट पुढच्या वर्षी पत्राला लावलं, तर ते पत्र पोचवण्याचा खर्च पुढच्या वर्षी पडतो, पैसे मात्र या वर्षीच जमा झालेले असतात. व्यापारी पद्धतीने, म्हणजे सेवा दिली तेव्हाच मिळकत धरून हिशेब ठेवणारं अमेरिकेचं टपाल खातं विकलेल्या पण न वापरलेल्या तिकिटांची रक्कम देणं म्हणून दाखवतं. आपल्याकडे तसं वेगळं दिसत नाही. तिकीट कधीच वापरलं नाही, तर छपाई आणि विक्रीचा खर्च वजा जाता उरलेले सगळे पैसे खात्याचे. तुमच्या प्रश्नात तथ्य आहे ते इतकंच.

पण तिकिटाचा टपालाच्या उत्पन्नातला वाटाच आता आक्रसला आहे. स्पीड पोस्टला खिडकीवर बारकोडचं लेबल निघतं, तिकीट लागत नाही. बँका, विमा कंपन्या, कचेऱ्या फ्रँकिंग मशीन (पाकिटावर तिकिटाऐवजी रकमेचा छाप उमटवणारं यंत्र) वापरतात किंवा गठ्ठ्याने टाकलेल्या टपालाचे पैसे थेट भरतात. सामान्य माणूस तिकीट लावतो ते साध्या पत्रावर, राखीच्या पाकिटावर, लग्नपत्रिकेवर.

खिडकीमागची व्यवस्थाही समजून घ्या, कारण 'सरकारला काय, कागदावर आकडा छापला की झालं' हा समज तिथेच मोडतो. तिकिटं मुख्यतः नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जातात. हा कारखाना 1925 मध्ये उभा राहिला आणि पुढच्या वर्षापासून तिथे टपाल तिकिटं छापली जाऊ लागली. त्याआधी अनेक दशकं ती लंडनहून छापून येत. आज हा कारखाना ज्या सरकारी महामंडळाखाली आहे ते टपाल खात्याचा भाग नाही, त्यामुळे छपाईचं बिल खात्याला भरावंच लागतं. छापलेला माल सर्कलच्या, म्हणजे खात्याच्या प्रादेशिक विभागाच्या, स्टॅम्प डेपोत येतो, तिथून मागणीपत्राप्रमाणे मुख्य डाकघरात, मग उपडाकघरात आणि शेवटी गावच्या शाखा डाकघरात. प्रत्येक टप्प्यावर तिकिटं छापील किमतीने, रोकडीसारखी मोजली जातात. खजिनदाराच्या पेटीत 500 रुपयांची तिकिटं कमी भरली तर ती 500 रुपयांची तूटच. म्हणून प्रत्येक कार्यालयाला रोकड आणि तिकिटं मिळून किती शिल्लक ठेवायची याची मर्यादा ठरवून दिलेली असते.

इथे नेहमी बिघडतं ते मागणीचं गणित. दर बदलला की जुन्या दराच्या तिकिटांचे गठ्ठे पडून राहतात आणि फरकाच्या छोट्या किमतीची तिकिटं कुठेच मिळत नाहीत. मग ग्राहक दोन रुपये कमी पडतात म्हणून पाचाचं तिकीट लावतो, किंवा कमी तिकिटावरच पत्र टाकतो. कमी तिकिटाचं पत्र बेअरिंग होतं आणि पत्र घेणाऱ्याकडून कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट वसुली होते. साध्या पत्राला दर 20 ग्रॅमला किंवा त्याच्या भागाला 5 रुपये लागतात. 25 ग्रॅमच्या पाकिटावर 5 रुपयांचंच तिकीट असेल तर घेणाऱ्याला 10 रुपये मोजावे लागतात. जाड कागदाची लग्नपत्रिका हमखास 20 ग्रॅमच्या वर जाते, म्हणून गठ्ठा टाकण्याआधी एक नमुना काट्यावर ठेवून घ्या. आणखी एक चूक फार दिसते: पत्रावर रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवणं. तो पावतीसाठी असतो, डाकघरात मिळत असला तरी टपालाला चालत नाही.

मग तूट येते कुठून? तिचा तिकिटांशी जवळपास संबंध नाही. देशात सुमारे 1 लाख 65 हजार डाकघरं आहेत आणि दहातली नऊ ग्रामीण भागात. पोस्टकार्डाचा दर 50 पैसे. ते एका गावच्या पेटीतून काढून दुसऱ्या टोकाच्या गावात घरपोच देण्याचा खर्च खात्याने स्वतःच काढला होता, तो काही वर्षांपूर्वीच दहा-बारा रुपयांच्या घरात गेला होता. अंतर्देशीय पत्र अडीच रुपयांना. नोंदणीकृत नियतकालिकाच्या 50 ग्रॅमपर्यंतच्या अंकाला वर्षानुवर्षं 25 पैसे. मराठीतली कितीतरी छोटी मासिकं आणि साप्ताहिकं या 25 पैशांवर वर्गणीदारांच्या दारापर्यंत पोचली, म्हणून या सवलतीला मी उधळपट्टी म्हणणार नाही. पण तो खर्च कुणीतरी सोसतो, आणि तोच तुटीत दिसतो. अंधांसाठीचं ब्रेल साहित्य तर मोफतच जातं. 1 मे 2025 पासून अभ्यासाच्या आणि सांस्कृतिक पुस्तकांसाठी सुरू झालेली ज्ञान पोस्ट सेवाही त्याच जातीची: 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपयांपासून, 5 किलोपर्यंत 100 रुपये.

खर्चाच्या बाजूला पगार, भत्ते आणि निवृत्तिवेतन हे तीन आकडे इतके मोठे आहेत की बाकी सगळं त्यांच्यापुढे किरकोळ ठरतं. खातं कंपनी नसून सरकारी विभाग आहे. वेतन आयोग लागू झाला की खर्च एका वर्षात उडी मारतो, पण पोस्टकार्डाचा दर संसदेत आणि माध्यमांत वादाचा विषय असल्याने तो हलत नाही. ग्रामीण डाक सेवकांना तर पूर्णवेळ वेतनश्रेणीही नाही. त्यांना चार किंवा पाच तासांच्या कामाप्रमाणे भत्ता मिळतो, 1 जुलै 2018 पासून शाखा डाकपालाचा किमान भत्ता 12,000 आणि 14,500 रुपये असा ठरला. गावातलं टपाल याच माणसांवर उभं आहे. तुटीचं खापर त्यांच्यावर फोडणं मला मान्य नाही.

बचत खात्यांबद्दलही मोठा गैरसमज आहे. डाकघरात लोकांच्या प्रचंड ठेवी आहेत, मग खातं गरीब कसं, असं विचारलं जातं. पण त्या ठेवी खात्याचं उत्पन्न नव्हेत. 1999 पासून अल्पबचतीचा पैसा राष्ट्रीय अल्पबचत निधीत जातो. टपाल खातं हे काम अर्थ मंत्रालयाचा एजंट म्हणून करतं आणि खाती चालवण्याचा ठरलेला मोबदला घेतं. हा मोबदलाच खात्याच्या उत्पन्नातला सर्वांत मोठा तुकडा आहे, तिकिटांपेक्षा कितीतरी मोठा. टपाल जीवन विम्याचा निधी वेगळा. 2018 मध्ये देशभर सुरू झालेली पेमेंट्स बँक ही तर वेगळी कंपनी.

कायद्यातला एक बदल इथे सांगायला हवा. 1898 च्या कायद्याने पत्रं वाहून नेण्याचा विशेष हक्क सरकारकडे होता. 18 जून 2024 पासून लागू झालेल्या 2023 च्या डाकघर कायद्यात तो नाही. तिकिटं काढण्याचा विशेष हक्क तेवढा राहिला. टपालाच्या धंद्यात जिथे पैसा आहे, म्हणजे पार्सल आणि कुरिअरमध्ये, तिथे खातं इतरांसारखंच एक स्पर्धक आहे.

तिकिटातून थेट पैसा उभा करण्याचा प्रयोग आपल्याकडे झालेला आहे, तो मुद्दाम पाहण्यासारखा आहे. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित आले. 15 नोव्हेंबर 1971 पासून टपालावर 5 पैशांचा निर्वासित साहाय्य कर बसला. पोस्टकार्ड, वर्तमानपत्रं असे काही अपवाद सोडून प्रत्येक पत्रावर नेहमीच्या तिकिटाशिवाय 5 पैशांचं जादा तिकीट लावणं सक्तीचं झालं. वेळ इतका कमी होता की कुटुंबनियोजनाच्या चालू 5 पैशांच्या तिकिटावरच 'रिफ्युजी रिलीफ' असे शब्द वरून छापले गेले. सगळीकडे पुरेसा साठा वेळेत पोचेना, तेव्हा अनेक ठिकाणी स्थानिक छपाई झाली, कुठे चक्क रबरी शिक्के मारले गेले. 1 डिसेंबरला खास छापलेलं तिकीट आलं. 31 मार्च 1973 ला कर संपला. हा पैसा निर्वासितांसाठी होता, टपालाची तूट भरायला नव्हता. आणि तो जमला तो सक्तीमुळे. संग्राहकाच्या हौशीतून असा पैसा उभा राहत नाही. या तिकिटांचे स्थानिक छाप गोळा करणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना: रबरी शिक्का कुणालाही करता येतो. सुटं तिकीट न घेता त्या काळातल्या तारखेचा आणि त्या गावाचा शिक्का असलेलं अख्खं पाकीटच घ्या.

संग्राहकांच्या जिवावर तिजोरी भरणारे देश होऊन गेले आहेत, नाही असं नाही. भूतानने 1960 च्या दशकापासून परदेशी संग्राहकांसाठी धातूच्या पत्र्यावरची, त्रिमितीची, आणि 1970 च्या दशकात तर ग्रामोफोनवर तबकडीसारखी वाजणारी तिकिटं काढली. लोकसंख्या कमी, टपाल थोडं, खर्च आटोपशीर, म्हणून तिथे ही मिळकत लक्षात येण्याइतकी होती. त्याच सुमारास शारजा, अजमानसारख्या आखाती अमिरातींनी इतकी तिकिटं बाजारात ओतली की संग्राहकांनी ती घेणंच सोडलं. आजही ती किलोच्या भावाने पाकिटांत मिळतात. विश्वास एकदा उडाला की त्या देशाच्या जुन्या, खऱ्या तिकिटांकडेही लोक पाठ फिरवतात.

जास्त छापण्यातही तोटा असतो. अमेरिकेच्या टपाल खात्याने 2009 मध्ये एका लोकप्रिय कार्टून मालिकेची 100 कोटी तिकिटं छापली, खपली सुमारे 32 कोटी. जादा छपाईचे सुमारे 12 लाख डॉलर वाया गेले. भारतात 1970 च्या दशकात स्मारक तिकिटाच्या 30 लाख प्रती नेहमीच्या होत्या, कारण ती खरोखर पत्रांना लागत. पत्रं कमी झाली तशा प्रतीही कमी केल्या गेल्या. हे शहाणपणाचंच झालं. मात्र एका वर्षात विषय वाढवत नेणं मला चुकीचं वाटतं. प्रत्येक विषयाला चित्र, माहितीपत्रक, प्रथम दिवस पाकीट (तिकीट निघालं त्या दिवशीचा शिक्का मारलेलं पाकीट), खास शिक्का आणि समारंभ लागतो. प्रती कमी असल्या की हा स्थिर खर्च थोड्या तिकिटांवर पडतो, आणि शाळकरी संग्राहकाला सगळं घेणं परवडत नाही. तो एक वर्ष चुकवतो, मालिका तुटते, आणि तो छंदच सोडतो.

विषय ठरतो तो प्रस्ताव, सल्लागार समिती आणि मंत्रालय या वाटेने. जिवंत व्यक्तीवर तिकीट काढायचं नाही हा सर्वसाधारण नियम, पण त्याला ठळक अपवाद आहेत. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यावर 15 नव्या पैशांचं तिकीट त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी, 18 एप्रिल 1958 ला, ते हयात असताना निघालं. विश्वेश्वरय्यांवर 1960 मध्ये. सचिन तेंडुलकरवर नोव्हेंबर 2013 मध्ये, वानखेडेवरच्या शेवटच्या कसोटीच्या वेळी.

पैसे भरून शेजारी स्वतःचा फोटो छापून घेता येणाऱ्या 'माय स्टॅम्प'चा हिशेब मात्र वेगळा आहे. 12 तिकिटांचं पान 300 रुपयांना, प्रत्येक तिकीट 5 रुपयांचं. म्हणजे टपालाची सेवा 60 रुपयांची, उरलेले 240 रुपये तुमचा फोटो शेजारी छापण्याचे, आणि ही तिकिटं बहुतेक वेळा वापरली जात नाहीत. खात्याला नफा देणारा तिकिटांचा प्रकार शोधायचा तर हाच. इथे बिघडतं ते ओळखपत्र आणि फोटो नीट न तपासल्यामुळे. 2020 मध्ये उत्तर प्रदेशात कुख्यात गुन्हेगारांचे फोटो असलेली पानं छापून दिली गेली होती. कुणी 'सरकारने माझ्यावर तिकीट काढलं' असं सांगत असेल तर तिकिटाशेजारी वेगळी फोटोची पट्टी आहे का पाहा. असेल तर ते माय स्टॅम्प आहे, पैसे भरून कुणालाही मिळतं.

आता अल्बम. 1970 नंतरची बहुतेक न वापरलेली स्मारक तिकिटं छापील किमतीच्या आसपास किंवा थोड्या जास्त भावाने जातात. लाखोंनी छापलेल्या, हजारो घरांत जपून ठेवलेल्या. टंचाई येणार कुठून? 20 पैशांच्या तिकिटाला आज पाच रुपये आले तरी पन्नास वर्षांच्या महागाईपुढे तो तोटाच. चंदनाच्या वासाचं 2006 चं तिकीट, गुलाबाचं 2007 चं, खादीवर छापलेलं 2011 चं 250 रुपयांचं गांधी तिकीट, ही सुंदर आहेत, पण लोकांनी ती पहिल्या दिवसापासून जपून ठेवली. जपलं गेलेलं सहसा दुर्मिळ होत नाही.

किंमत येते ती ज्या तिकिटांचं त्या काळी कुणाला महत्त्व वाटलं नाही, किंवा जी सामान्य माणसाला परवडली नाहीत, त्यांना. 15 ऑगस्ट 1948 च्या गांधी मालिकेतलं 10 रुपयांचं तिकीट हे उत्तम उदाहरण. दीड आण्याचं तिकीट सगळ्यांनी घेतलं, 10 रुपये त्या काळी कोण घालणार? त्याच तिकिटावर 'सर्व्हिस', म्हणजे सरकारी टपालासाठी, असं छापलेल्या प्रती फक्त 100 होत्या. त्यातल्या चार जोडलेल्या तिकिटांची पट्टी 2017 मध्ये 5 लाख पौंडांना गेली. म्हणूनच 10 रुपयांच्या गांधी तिकिटाच्या नकला पैशाला पासरी आहेत. मूळ छपाई स्वित्झर्लंडमध्ये फोटोग्रॅव्हूरने झाली होती, दातेरी कडा साडेअकरा मापाची, म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये साडेअकरा भोकं. दहापट भिंगाखाली चेहऱ्यावरच्या छटा मऊ, सलग दिसायला हव्यात. ऑफसेटचे, म्हणजे आजच्या नेहमीच्या छपाईचे, सुटे ठिपके दिसले तर नक्कल समजा. मोठी रक्कम देणार असाल तर तज्ज्ञ समितीच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊ नका.

नव्या तिकिटांची हौस असेल तर दलालाकडून जादा भावाने घेऊ नका. मुंबई जीपीओसारख्या ठिकाणच्या फिलाटेलिक ब्यूरोत (संग्राहकांसाठीच्या तिकीट-विक्री केंद्रात) 200 रुपये भरून ठेव खातं उघडता येतं. किती प्रती, कोणते प्रकार हवेत ते अर्जात लिहायचं; तिकिटं छापील किमतीत मिळतात. शिल्लक संपली की पाठवणं थांबतं आणि मधली तिकिटं हुकतात, म्हणून दर तिमाहीला शिल्लक तपासा. सहावी ते नववीच्या मुलांसाठी स्पर्श योजनेची वर्षाला 6,000 रुपयांची शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी शाळेचा तिकीट-संग्रह क्लब किंवा असं ठेव खातं लागतं. निवड झालीच, तर एका घरासाठी तिकीट संग्रहातून मिळणारा हा सर्वांत चांगला परतावा.

जतनाबद्दल, कारण किंमत त्यावरच उतरते. मुंबई आणि कोकणातली पावसाळी हवा न वापरलेल्या तिकिटांचा गोंद आपोआप ओला करते. पानं एकमेकांवर दाबून ठेवू नका, अल्बम आडवा न रचता उभा ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या पावसाळ्यात महिन्याला एकदा तापवून कोरड्या करा. फोटोच्या चिकट पानांचे अल्बम आणि स्वस्त पीव्हीसीचे कप्पे वापरू नका, काही वर्षांत तिकिटावर तेलकट डाग येतात. वापरलेलं तिकीट पाकिटावरून ओढून काढू नका. भोवती सेंटिमीटरभर कागद सोडून कापा, साध्या पाण्यात 15-20 मिनिटं तरंगत ठेवा, आपण होऊन सुटलं की टिपकागदावर पालथं वाळवा. रंगीत पाकिटावरची तिकिटं वेगळ्या भांड्यात भिजवा, रंग सुटतो. सुगंधी आणि खादीची तिकिटं भिजवायचीच नाहीत. आणि जुन्या पाकिटावर गावाचा शिक्का स्वच्छ उमटलेला असेल, तर तिकीट काढूच नका. अख्खं पाकीट तसंच ठेवा.